टॅबमध्ये ‘सेव्ह’ केलेली फाईल जाते कुठे?

मामांनी निवृत्तीनंतर अँड्रॉइडचा टॅब घेतला. महिनाभरात त्यांचा फोन आला. “अगं, सातबारा सेव्ह केलाय, पण सापडत नाही. परत काढू का?” मी म्हटलं, थांबा, आधी ‘डाउनलोड्स’ उघडा. उघडलं तर तिथे नुसते लांबलचक आकडे नाव म्हणून असलेल्या चार पीडीएफ. चारही सातबाराच. सापडला नाही की मामा महाभूमीच्या साइटवर जाऊन दर वेळी पंधरा रुपये भरत होते आणि डिजिटल सहीचा नवा उतारा उतरवत होते. साठ रुपयांचं काही नाही. पण तलाठी कार्यालयात रांगेत उभं राहून टॅबवर बोट फिरवत बसलेल्या माणसाची जी अवस्था होते, ती त्यांनी सोसली होती.

आईकडे भावाने पाठवलेला आयपॅड आहे. तिची तक्रार वेगळी, पण रडगाणं तेच. त्यामुळे गेली काही वर्षं दोन्ही जातींच्या टॅबवर कागद शोधणं हा माझा रविवारचा उद्योग झाला आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीने सांगते. तुम्ही कॉम्प्युटरवर नोकरी काढलेली असेल, तर पहिला भाग जास्त लक्ष देऊन वाचा, कारण गोंधळ जुन्या सवयीमुळेच होतो.

आधी हे समजून घ्या: प्रत्येक अ‍ॅपचं बिऱ्हाड वेगळं

कॉम्प्युटरवर फाईल असते माजघरात. वर्डमध्ये केली काय नि ईमेलमधून आली काय, ती एका फोल्डरमध्ये पडते आणि घरातला कुणीही तिला हात लावू शकतो. टॅबवर तसं नाही. टॅब म्हणजे चाळ. व्हॉट्सअ‍ॅपचं बिऱ्हाड वेगळं, जीमेलचं वेगळं, फोटोंचं वेगळं, आणि प्रत्येकाच्या दाराला आपापलं कुलूप.

हे मुद्दाम केलेलं आहे. आयपॅड २०१० साली आला तेव्हा त्यात फाईल ठेवायचं दिसेल असं कपाटच नव्हतं. ज्या अ‍ॅपने फाईल केली त्याने ती सांभाळावी, माणसाला फोल्डरची कटकट नको, असा विचार होता. लोकांना मात्र कटकट हवी होती! शेवटी २०१७ मध्ये ‘फाइल्स’ नावाचं अ‍ॅप आलं, आणि पेनड्राइव्ह जोडायची सोय त्यानंतर दोन वर्षांनी. अँड्रॉइडमध्ये फोल्डर पहिल्यापासून होते, पण २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून तिथेही दारं घट्ट झाली. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खोलीत सहज डोकावता येत नाही. कारण रास्त आहे. टॉर्चचं अ‍ॅप तुमचं बँक स्टेटमेंट कशाला वाचेल? पण त्याची किंमत आपण भरतो. कागद ज्या बिऱ्हाडात आला तिथेच राहतो, आणि महिन्याने आपल्याला आठवत नाही की तो कुणी पाठवला होता, मेलवर की व्हॉट्सअ‍ॅपवर.

म्हणून टॅबवर ‘फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे’ असं विचारू नका. ‘ती सध्या कुणाच्या ताब्यात आहे’ असं विचारा. खाली जे सांगणार आहे ते सगळं एवढ्यासाठीच: कागद आला की त्याच दिवशी त्याला अ‍ॅपच्या ताब्यातून सोडवून आपल्या कपाटात आणायचं.

पहिली पायरी: कपाट ओळखा

अँड्रॉइड टॅबवर ‘फाइल्स’, ‘माय फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’ असं काहीतरी नाव असलेलं अ‍ॅप आधीच असतं. सॅमसंगवर ‘माय फाइल्स’. कुठेच सापडलं नाही तर प्ले स्टोअरवरून गूगलचं ‘फाइल्स’ घ्या, फुकट आहे. बाकीच्या ‘सुपर क्लीनर’, ‘बूस्टर’ छाप अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका. ती जाहिराती दाखवतात आणि तुमच्या फाईल वाचायची परवानगी मागतात. मामांच्या टॅबवर अशी तीन होती. तीन दिवसांनी एक या हिशेबाने काढून टाकली, म्हणजे मामांना खटकलं नाही.

आयपॅडवर निळ्या फोल्डरचं चित्र असलेलं ‘फाइल्स’. ते उघडलं की बाजूच्या पट्टीत दोन नावं दिसतात: ‘आयक्लाउड ड्राइव्ह’ आणि ‘ऑन माय आयपॅड’. पहिलं म्हणजे इंटरनेटवरची जागा, दुसरं म्हणजे खुद्द हातातला आयपॅड. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे कामाचा आहे.

हे अ‍ॅप ओढून खालच्या पट्टीत आणून ठेवा, रोज दिसेल असं. आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका: गॅलरी किंवा फोटो म्हणजे कपाट नव्हे. तिथे फक्त चित्रं दिसतात. पीडीएफ तिथे कधीच दिसणार नाही, कितीही खाली सरकवत गेलात तरी.

दुसरी पायरी: एकच मोठा फोल्डर

आयपॅडवर ‘ऑन माय आयपॅड’मध्ये मोकळ्या जागी बोट दाबून धरा, ‘न्यू फोल्डर’ येईल. अँड्रॉइडवर ‘इंटरनल स्टोरेज’मधल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जा, वरच्या तीन ठिपक्यांत किंवा अधिकच्या खुणेत तोच पर्याय सापडतो. नाव द्या ‘कागद’. त्याच्या आत पाच-सहा फोल्डर, त्याहून जास्त नकोत. आमच्याकडे घर, पैसे, तब्येत, शेती, सोसायटी असे आहेत.

‘इतर’ नावाचा फोल्डर करू नका. ‘इतर’ म्हणजे माळा. एकदा वर टाकलेली वस्तू दिवाळीच्या साफसफाईलाच खाली येते.

तिसरी पायरी: कागद सोडवून आणा

*व्हॉट्सअ‍ॅपमधून.* निम्मे कागद इथेच अडकतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

आयपॅडवर: चॅटमधली पीडीएफ उघडा. कोपऱ्यातलं शेअरचं चिन्ह दाबा, चौकोनातून वर जाणारा बाण असलेलं. यादी येईल, त्यात ‘सेव्ह टू फाइल्स’. इथे आईचा हात घाईत लगेच ‘सेव्ह’वर जातो. थांबा. आयपॅड मागच्या वेळचा फोल्डर लक्षात ठेवतो आणि तोच समोर धरतो. आईचा रक्ताचा रिपोर्ट ‘शेती’मध्ये सापडला तो असा. आधी वरचं फोल्डरचं नाव वाचा, हवा तो फोल्डर निवडा, मग ‘सेव्ह’. आणि फोटो असेल तर ‘सेव्ह इमेज’ दाबल्यावर तो फोटोंच्या बिऱ्हाडात जातो, कपाटात नाही. दोन ओळी शेजारी शेजारी असतात आणि गफलत होते.

अँड्रॉइडवर: चॅटमध्ये पीडीएफवर एकदा टिचकी मारून ती उतरवून घ्या. मग फाइल्स अ‍ॅपमध्ये ‘रीसेंट’ किंवा ‘डॉक्युमेंट्स’ बघा. नाव असेल डीओसी, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि चार आकडे, किंवा पाठवणाऱ्याने दिलेलं मूळ नाव. तिथे नाही दिसली तर इंटरनल स्टोरेजमध्ये ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचा फोल्डर, त्यात परत ‘व्हॉट्सअ‍ॅप’, त्यात परत ‘मीडिया’, आणि त्यात ‘व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स’. हो, इतकं आत. पुण्यातल्या जुन्या वाड्याचा बोळ बरा. सापडली की बोट दाबून धरा, ‘कॉपी’ निवडा, ‘कागद’मध्ये येऊन ‘पेस्ट’ करा. ‘मूव्ह’ नको, कारण मूळ फाईल हलवली की चॅटमधून ती पुन्हा उघडत नाही आणि मग “डिलीट झाली, डिलीट झाली” असा आरडाओरडा होतो.

व्हॉट्सअ‍ॅप मुळात फोनवर असेल आणि टॅब त्याला नंतर जोडला असेल, तर जुने कागद टॅबवर कधीकधी उतरतच नाहीत. अशा वेळी टॅबशी झगडू नका. फोनवर तो कागद उघडा आणि स्वतःलाच पाठवा. आपल्याच नंबरवर मेसेज पाठवायची सोय २०२२ पासून आहे. फोन आणि टॅब यांच्यामधला पूल म्हणून ती छान चालते. पण पुलावर संसार थाटू नका. तिकडे टाकलेला कागद लगेच ‘कागद’मध्ये आणा.

*जीमेलमधून.* जोडपत्रावर दोन खुणा असतात. खाली जाणारा बाण म्हणजे टॅबमध्ये उतरव. तिकोनी खूण म्हणजे गूगल ड्राइव्हमध्ये ठेव. मामा तिकोन दाबायचे आणि ‘डाउनलोड्स’मध्ये शोधायचे. आयपॅडवर जोडपत्र उघडून पुन्हा तोच शेअरचा रस्ता.

*ब्राउझरमधून.* अँड्रॉइडवर क्रोमने उतरवलेलं सगळं ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये जातं. आयपॅडवर सफारीने उतरवलेलं सहसा आयक्लाउड ड्राइव्हमधल्या ‘डाउनलोड्स’मध्ये जातं, आणि आपण शोधत बसतो ‘ऑन माय आयपॅड’मध्ये. सेटिंग्जमध्ये सफारीच्या आत ‘डाउनलोड्स’ म्हणून ओळ आहे, तिथे जागा बदलता येते. मी आईसाठी ती ‘ऑन माय आयपॅड’ केली, त्या दिवसापासून निम्मे फोन बंद झाले.

*खऱ्या कागदावरून.* फोटो काढू नका, स्कॅन करा. आयपॅडच्या फाइल्समध्ये वरच्या ठिपक्यांत ‘स्कॅन डॉक्युमेंट्स’ आहे. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये अधिकच्या खुणेखाली किंवा तिथेच बाजूला कॅमेऱ्याचं चित्र असतं. ड्राइव्हने केलेलं स्कॅन ड्राइव्हमध्ये राहतं हे लक्षात असू द्या, तिथून उतरवून घ्यावं लागतं. दोन्हीकडे चार पानांची एकच पीडीएफ होते, कडा सरळ होतात आणि सावली बरीचशी जाते. कागद गडद चादरीवर ठेवा म्हणजे पांढऱ्या कागदाच्या कडा यंत्राला कळतात. ट्यूबलाइटखाली उभं राहिलं की आपल्याच डोक्याची सावली पडते, त्याऐवजी दुपारी खिडकीपाशी. आणि पंखा बंद करा. हे कुणी सांगत नाही, पण तीनदा कागद उडाल्यावर आपोआप कळतं.

चौथी पायरी: नाव द्या, तेही सरळ

फाईलवर बोट दाबून धरलं की ‘रीनेम’ येतं. अँड्रॉइडवर नाव बदलताना शेवटचा टिंब आणि पीडीएफ हे शेपूट काढू नका. शेपूट गेलं की टॅबला कळत नाही हा प्राणी कोणता, आणि तो उघडत नाही. आयपॅड हे शेपूट बहुतेक वेळा लपवूनच ठेवतो.

नावात आधी तारीख, वर्षापासून सुरू करून: २०२५-०६-१२, मग काय आहे ते. वर्ष आधी असलं की यादी आपोआप क्रमाने लागते. दिवस आधी लिहिलात तर बारा जूनच्या शेजारी बारा डिसेंबर येऊन बसतो. आकडे देवनागरी वापरा किंवा इंग्रजी, पण एकच ठरवा, दोन्ही मिसळले की क्रम विस्कटतो.

आता खास आपली अडचण. नाव मराठीत द्यायला हरकत नाही, मला तर तेच आवडतं. पण शोधताना टॅब शुद्धलेखनाचा मास्तर होतो. ‘वीजबिल’ असं नाव दिलं आणि शोधताना ‘विजबिल’ लिहिलं तर उत्तर येतं: काही सापडलं नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘बँक’. हा शब्द चंद्रबिंदूने लिहितात, आणि अर्धचंद्र देऊन वर अनुस्वार असाही लिहितात: बँक आणि बॅंक. डोळ्याला जवळपास सारखे, टॅबला दोन वेगळे शब्द. मी स्वतः एकदा अर्धा तास पासबुकाची पीडीएफ शोधली होती. त्यामुळे हल्ली मी आधी तारखेने शोधते, शब्दाने नंतर.

सरकारी साइटवर चढवायची फाईल असेल तर मात्र मराठी बाजूला ठेवा. तिची वेगळी कॉपी करा, इंग्रजी अक्षरांत छोटं नाव, मध्ये मोकळी जागा नाही, कंस नाही. काही साइट मराठी नाव पाहून ‘इनव्हॅलिड फाइल’ एवढंच म्हणतात आणि आपण फाईल बिघडली समजून पुन्हा स्कॅन करत बसतो.

आयपॅडचे फोटो साइट का नाकारते

याच ओघात हेही. आयपॅड फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो, जागा कमी लागावी म्हणून. अर्जाच्या साइट मागतात जेपीजी. फोटो फाइल्समध्ये आणा, बोट दाबून धरा, ‘क्विक अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘कन्व्हर्ट इमेज’ निवडा. तिथे प्रकारही बदलता येतो आणि आकारही लहान, मध्यम असा निवडता येतो. दोनशे केबीच्या आत बसवायचं असेल तर लहान घ्या. एवढ्यासाठी फोटो कुठल्या तरी अनोळखी ‘फ्री कन्व्हर्टर’ साइटवर चढवायची गरज नाही, विशेषतः त्यावर आधार क्रमांक असेल तर मुळीच नाही.

सोसायटीची फाईल उघडली आणि सगळी चायनीज दिसते

हे वाक्य आमच्या शेजारच्या काकूंचं. चायनीज नसतं ते. इंग्रजी अक्षरं, चिन्हं, डॉलर, टक्के, सगळ्याची मिसळ असते. सोसायटीचं इतिवृत्त किंवा जुनं मराठी पत्र श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं असलं की असं होतं. युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी सारखीच दिसावी अशी लिहायची पद्धत, सर्रास होण्याआधी हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट आहे तिथे मराठी दिसतं. टॅबवर फाँट नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

फाईल बिघडलेली नाही. तिला हात लावू नका, दुरुस्त करून सेव्ह तर मुळीच करू नका. पाठवणाऱ्याला सांगा: “तुमच्या कॉम्प्युटरवर जशी दिसते तशीच पीडीएफ करून पाठवा.” पीडीएफमध्ये फाँट सोबत येतो. मजकूर बदलायचाच असेल तर तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो. हे काम कॉम्प्युटरवर करा, टॅबवर त्याचा फार त्रास होतो. आणि नंतर जोडाक्षरं एकेक करून तपासा, रफार हमखास उड्या मारतो.

एकाच फाईलच्या पाच आवृत्त्या

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी वार्षिक सभेचा ताळेबंद टॅबवर दोन तास बसून दुरुस्त केला, सेक्रेटरींना पाठवला, आणि सभेत जुनेच आकडे वाचले गेले. झालं असं की त्यांनी फाईल थेट मेलमधून उघडली, ती एका दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेली, त्या अ‍ॅपने स्वतःची कॉपी केली, दुरुस्त्या त्या कॉपीत झाल्या. पाठवताना त्यांनी मेलमधलीच पुढे ढकलली. ती होती तशीच होती.

म्हणून नियम: आधी कपाटात आणा, मग कपाटातूनच उघडा. शेअरच्या यादीत ‘ओपन इन’ किंवा ‘कॉपी टू’ दिसलं की समजा, आता दुसरी प्रत जन्माला येणार आहे. पाठवतानाही फाइल्स अ‍ॅपमध्ये जाऊन, फाईलवर बोट दाबून धरून, तिथून ‘शेअर’ करा. आयपॅडच्या सॉफ्टवेअरच्या २०२५ च्या आवृत्तीत, म्हणजे आयपॅडओएस २६ मध्ये, कुठली फाईल कायम कुठल्या अ‍ॅपने उघडायची ते ठरवता येतं, आणि मॅकवरचं ‘प्रीव्ह्यू’ही आयपॅडवर आलं आहे. पीडीएफवर सही किंवा खूण करायला आता वेगळं अ‍ॅप लागत नाही.

सातबारा, ई-आधार असे डिजिटल सहीचे कागद असतील तर आणखी एक पथ्य पाळा. त्यांचा स्क्रीनशॉट काढू नका, प्रिंट काढून पुन्हा स्कॅनही नको. सही त्या पीडीएफच्या पोटात असते. स्क्रीनशॉटमध्ये उरतं ते फक्त सहीचं चित्र, आणि समोरच्याने “मूळ पीडीएफ पाठवा” म्हटलं की आपल्याकडे काही नसतं. ई-आधार उघडताना पासवर्ड मागतं म्हणून लोक स्क्रीनशॉट काढतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मसाल. एवढं पाठ होतं.

दिसते, पण उघडत नाही

फाईल यादीत आहे, नाव बरोबर आहे, पण रजिस्ट्रारच्या कार्यालयात रेंज नाही आणि ती नुसती गोल गोल फिरते. म्हणजे ती टॅबवर नव्हतीच, वर क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत होती. आयपॅडवर नावाशेजारी ढगाचं चित्र आणि खाली बाण असेल तर हाच अर्थ. घरून निघण्याआधी वायफायवर त्या ढगावर टिचकी मारा. आयपॅडओएस १८ पासून ‘कीप डाउनलोडेड’ हा पर्याय आहे, तो लावला की फाईल आयपॅडवरच राहते. गूगल ड्राइव्हमध्ये ठिपके दाबून ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’. खात्री करायची असेल तर घरीच विमानाचं चित्र दाबून इंटरनेट बंद करा आणि फाईल उघडून बघा. उघडली तर जा.

फुकटची जागा आयक्लाउडवर ५ जीबी, गूगलवर १५ जीबी. गूगलचे पंधरा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. फोटोंनी ते भरले की मेल येणंच थांबतं, आणि बँकेचा मेल का आला नाही हे कुणालाच कळत नाही.

आणखी एक, यावर मी जरा कडक आहे. क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. आयक्लाउड ड्राइव्हमधली फाईल आयपॅडवर डिलीट केली की ती फोनवरूनही जाते, वरूनही जाते. आयक्लाउड आणि गूगल ड्राइव्ह दोघेही अशी फाईल तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात ठेवतात, आयपॅडवर त्याला ‘रीसेंटली डिलीटेड’ म्हणतात. तीस दिवसांत लक्षात आलं तर ठीक.

म्हणून पेनड्राइव्ह

महिन्यातून एकदा अख्खा ‘कागद’ फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. टाइप-सी तोंड असलेला पेनड्राइव्ह घेतला की नव्या टॅबला थेट लागतो, नाहीतर ओटीजी केबल, म्हणजे साधा पेनड्राइव्ह टॅबला जोडणारी छोटी तार लागते. जुन्या लाइटनिंग तोंडाच्या आयपॅडला वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. पेनड्राइव्ह लावला आणि काहीच दिसलं नाही, तर बहुतेक तो एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. कॉम्प्युटरवर त्याला एक्सफॅट करून घ्या, पण आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, कारण फॉरमॅट म्हणजे सारवून काढणं. अगदी जुना अँड्रॉइड टॅब एक्सफॅटही वाचत नाही, त्याला फॅट३२ लागतं, आणि त्यात चार जीबीहून मोठी एक फाईल बसत नाही. कागदांना काही फरक पडत नाही, लग्नाच्या व्हिडिओला पडतो.

काढताना अँड्रॉइडवर वरून पट्टी ओढून ‘इजेक्ट’ करा. आयपॅडवर असं बटण दिसलं नाही तर काळजी नको. कॉपीचं वर्तुळ पूर्ण झालं, दहा सेकंद थांबलात, की ओढून काढा.

जागा संपली म्हणून काही उडवण्याआधी

अ‍ॅप काढून टाकणं म्हणजे बिऱ्हाड सामानासकट बाहेर काढणं. आयपॅडवर एखादं अ‍ॅप डिलीट केलं की ‘ऑन माय आयपॅड’मधला त्याचा फोल्डर आतल्या फाइल्ससह जातो. आईच्या नोंदींचं एक अ‍ॅप मी असंच ‘जुनं आहे’ म्हणून उडवलं होतं. त्यात तिच्या आठ महिन्यांच्या साखरेच्या नोंदी होत्या. ती काही बोलली नाही, नुसती वहीत लिहायला लागली. अजूनही वहीतच लिहिते.

खरी जागा खातात ते सुप्रभातचे व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे मोठ्या फाईल आणि अनेकदा पुढे ढकललेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. आधी तिथे झाडू मारा, कागदांना हात लावायची वेळच येत नाही.

मामांनी परवा फोन करून विचारलं, “चारातला कुठला सातबारा ठेवू?” म्हटलं, ज्यावर सगळ्यांत अलीकडची तारीख आहे तो, बहुतेक कार्यालयं ताजाच मागतात. त्याला तारखेचं नाव दिलं, ‘शेती’त ठेवला. उरलेले तीन त्यांनी धीर करून डिलीट केले. ते अजून ट्रॅशमध्ये आहेत, आणि मामा रोज सकाळी एकदा तिथे डोकावून येतात.